सातवीची मुलं इंग्रजी धडा खडाखड वाचतात, अर्थ विचारला की गप्प. काय करावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीलगतची जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवी एकाच खोलीत, मिळून २३ मुलं. इंग्रजी पहिलीपासूनच आहे (राज्यात २००० साली सुरू झालं तसं), त्यामुळे अक्षरओळखीचा प्रश्न नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

धडा मोठ्याने वाचायला दिला की निम्मी मुलं न अडखळता वाचतात. 'कोण कुठे गेलं?' एवढं विचारलं की माना खाली. बऱ्याच जणांच्या पुस्तकात प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिलेले आहेत. मी वाक्यागणिक मराठीत सांगितलं की समजतं, पण नवीन उतारा आला की परत पहिले पाढे. 'पुढचं-मागचं बघून अंदाज लाव' असं प्रशिक्षणात सांगतात. मुलं अंदाज लावतात, पण तो भलताच असतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कुठे अडतंय ते ओळखायचं कसं? अंदाज का चुकतो? आणि ३५ मिनिटांच्या तासात नेमकं काय करायचं? जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माझंच मला ऐकू येत नाही, आणि नेटचा भरवसा नाही, हेही लक्षात घ्या.

---

सडा_आणि_जांभा

सर, पहिले दोन प्रश्न घेतो. तिसऱ्याला इथले बाकीचे आहेतच.

वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: छापलेला शब्द ओळखता येणं, आणि तीच भाषा कानावर पडली तर कळणं. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. गुणाकार म्हटलं की एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. तुमच्या खडाखड वाचणाऱ्या मुलांची दुसरी बाजू कच्ची दिसते. पण दिसतं त्यावर जाऊ नका, तपासा.

त्याआधी मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय ते बघा. धड्यातली शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं उलट वाचायला सांगा. किंवा धड्यातलेच शब्द घेऊन फळ्यावर नवीन वाक्य लिहा. पाठांतर असेल तर इथेच उघडं पडतं. वर्गातल्या निम्म्या खडाखड वाचकांपैकी काहीजण इथेच गळतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मग प्रत्येक मुलाची दहा मिनिटांची चाचणी घ्या. न शिकवलेले, साधारण चौथी-पाचवीच्या पातळीचे, शंभर शंभर शब्दांचे दोन उतारे लागतील. पहिला मुलाने मोठ्याने वाचायचा, तुम्ही फक्त चुकलेले शब्द मोजायचे. दुसरा तुम्ही सावकाश वाचून दाखवायचा, मुलाने पुस्तक न बघता ऐकायचा, आणि तुम्ही मराठीत पाच प्रश्न विचारायचे. उत्तरंही मराठीतच घ्या. इंग्रजीत उत्तर मागितलंत तर परीक्षा बोलण्याची होते, समजण्याची नाही.

वाचतो नीट पण ऐकून कळत नाही: शब्दसंग्रह आणि वाक्यरचना कच्ची. ऐकून कळतं पण वाचताना अडखळतो: अक्षर-ध्वनीचं काम राहिलंय. दोन्हीत अडतो: पुस्तकाची पातळी खाली आणा, दुसरा उपाय नाही. दोन्ही बरं असूनही धडा कळत नाही, असंही एखादं मूल निघतं. त्याचं सगळं लक्ष मोठ्याने वाचताना उच्चारात गुंतलेलं असतं. अशाला आधी दोन-तीन मिनिटं मनात वाचू द्या, मग विचारा. फरक लगेच दिसतो.

आता अंदाजाबद्दल. आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ लावायचा तर आजूबाजूचे शब्द आधी यायला हवेत ना! लाउफर यांनी १९८९ मध्ये वाचून समजण्यासाठी ९५ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात असं दाखवलं. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात कोणाच्या मदतीशिवाय वाचायला तो आकडा ९८ पर्यंत जातो. म्हणजे शंभर शब्दांत दोन अनोळखी असतील तर मूल एकटं वाचेल, पाच असतील तर तुमच्या मदतीने वाचेल. वीस अनोळखी असलेल्या उताऱ्यात 'अंदाज लाव' हा सल्ला कुचकामी आहे. पोराची चूक नाही, उतारा चुकीचा आहे.

हे वर्गात मोजायला सोपं आहे. साधारण शंभर शब्दांचं पान उघडायचं, अनोळखी शब्द आला की एक बोट दुमडायचं. दोन बोटांपर्यंत घरी न्यायचं पुस्तक. तीन ते पाच म्हणजे वर्गात सरांबरोबर. मूठ मिटल्यावरही अनोळखी शब्द आला तर पुस्तक परत कपाटात. मुलं पहिल्या दिवशी प्रौढी मिरवायला बोटं दुमडत नाहीत, म्हणून अधूनमधून ओळखीच्या म्हटलेल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायचा.

पाठ्यपुस्तकाचा धडा बहुतेकांना पाच बोटांच्या वर जाणार, आणि तो बदलणं तुमच्या हातात नाही. म्हणून धड्याआधी त्यातले सात-आठ नडणारे शब्द फळ्यावर घ्या. सगळे नको. ज्यांच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही तेवढेच.

---

बाराखडी

ओळीवर पेन्सिलीने उच्चार लिहिण्याची सवय आधी सोडवा, सर. बाकीचं सगळं त्यानंतर.

ओळखीची लिपी वर दिसली की डोळा खालच्या इंग्रजी ओळीवर जातच नाही. मूल देवनागरी वाचत असतं आणि आपल्याला वाटतं इंग्रजी वाचतंय. शिवाय इंग्रजीत अर्थ बऱ्याचदा स्पेलिंगमध्ये असतो आणि देवनागरीत तो पुसला जातो. लिहिणं या अर्थाचा 'राइट' आणि बरोबर किंवा उजवा या अर्थाचा 'राइट' मला इथे वेगळे लिहिता येत नाहीत, तेच पुस्तकात घडतं. समुद्र आणि बघणं, दोघांनाही 'सी'. त्यांचा आणि तिथे, दोन्ही 'देअर'. वर देवनागरी लिहिणारं मूल तीन वर्षं शिकूनही यांतला फरक डोळ्याने टिपत नाही.

एकदम बंदी घातलीत तर मुलं घाबरून वाचायचीच थांबतील. पायरीपायरीने सोडवा. पहिले दोन आठवडे उच्चार लिहायची मुभा, पण ओळीच्या वर नाही, समासात आणि फक्त नव्या शब्दाचा. पुढचे दोन आठवडे पुस्तकात काहीच नाही, वहीच्या मागच्या पानावर चार रकाने: शब्द, उच्चार, मराठी अर्थ, आणि धड्यातला तो शब्द असलेला वाक्याचा तुकडा. चौथा रकाना टाळू नका, पुढे तोच उपयोगी पडतो. धडा वाचताना मागचं पान बंद. जुन्या धड्यांवरचे उच्चार मुलांकडूनच खोडरबराने पुसून घ्या. जो शब्द आता येतो तोच पुसायचा, आणि पुसताना म्हणून दाखवायचा.

सोबत रोज दहा मिनिटं अक्षरांच्या जोड्या. मराठीत अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला. इंग्रजीत २६ अक्षरं आणि सुमारे ४४ ध्वनी, त्यामुळे एकेक अक्षर सुटं म्हणून उपयोग नाही, गट ओळखावे लागतात. शेवटी न बोलला जाणारा 'ई' आला की आधीचा स्वर बदलतो: 'कॅप'चं 'केप', 'किट'चं 'काइट'. 'सी'च्या पुढे 'ई', 'आय' किंवा 'वाय' असेल तर 'स', नाहीतर बहुतेकदा 'क'. सुरुवातीच्या 'के-एन'मधला 'के' गप्प. 'लाइट-नाइट-फाइट' एका कुटुंबातले, म्हणून एकत्रच शिकवायचे. एका दिवशी एकच गट घ्यावा आणि त्याच दिवशीच्या धड्यात तो शोधायला लावावा.

ज्यांना नियम लागत नाही असे 'वॉज', 'सेड', 'देअर', 'व्हॉट' हे शब्द पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून नजरेने ओळखायचे. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या शब्दांची, नामं वगळून २२० शब्दांची, डॉल्च यांची यादी प्रसिद्ध आहे, ती याच कामाची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मस्त कार्डं होतात.

---

भरती_ओहोटी

वर शब्दांचं आलं. माझ्या मते सातवीत खरी गोची वाक्यात आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. शब्द सगळे येतात तरी अर्थ उलटा लागतो, तो यामुळे.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मूल वाक्य संपेपर्यंत वाट बघत बसतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येऊन निघून गेलेलं असतं. दुसरं म्हणजे आपण 'वाळूवरची, फाटक्या जाळ्याची होडी' असं म्हणतो, सगळी विशेषणं आधी आणि नाम शेवटी. इंग्रजीत नाम आधी आणि शेपूट मागून:

'द बोट / विथ द टॉर्न नेट / ऑन द सँड / बिलॉन्ग्ज / टू माय अंकल.'

हे वाक्य दिलं की हमखास उत्तर येतं, 'वाळू काकांची आहे.' मुलाने क्रियापदाच्या सगळ्यात जवळचं नाम कर्ता धरलं. मराठीच्या सवयीने ते रास्तही आहे! म्हणून वाक्य तोडायला शिकवा. रेघ कुठे मारायची ते ठरलेलं असू दे: 'इन, ऑन, विथ, फ्रॉम, टू' अशा शब्दांच्या आधी. 'हू, विच, दॅट'च्या आधी. दोन वाक्यं जोडणाऱ्या 'अँड, बट, बिकॉज'च्या आधी. स्वल्पविरामानंतर. 'द' आणि त्याच्या नामाच्या मध्ये कधीच नाही. तुकडा दोन ते पाच शब्दांचा. मग मुलाने दोनच प्रश्न विचारायचे: कशाबद्दल चाललंय, आणि ते काय करतंय? 'बोट... बिलॉन्ग्ज.' झालं, सांगाडा हातात आला. मधले तुकडे नंतर जोडायचे.

पहिल्या आठवड्यात रेघा तुम्ही मारा, पुढचे दोन आठवडे मुलं पेन्सिलीने मारतील, मग रेघांशिवाय पण तुकड्या-तुकड्याने थांबत मोठ्याने वाचतील. एकेक शब्द सुटा वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरतं, त्यालाही हाच उपाय.

आणखी तीन जागा आहेत जिथे मुलं ठरलेली घसरतात.

सर्वनामं. 'द फिशरमेन सोल्ड देअर ओल्ड नेट्स बिकॉज दे वेअर टॉर्न.' 'दे' म्हणजे कोण? निम्मा वर्ग कोळ्यांनाच फाडून टाकतो. मराठीत तो-ती-ते आणि क्रियापदाचं रूप सांगून जातं, इंग्रजीत 'इट' आणि 'दे' काहीच सांगत नाहीत. पानावरच्या प्रत्येक 'इट', 'दे', 'धिस'पासून मागच्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावा. पाच बाण बरोबर आले तर परिच्छेद कळला असं समजायला हरकत नाही. प्रश्नोत्तरांपेक्षा मला ही चाचणी खात्रीची वाटते.

कर्मणी वाक्यं. 'द क्रॅब वॉज कॉट बाय अ क्रो' हे वाचून मुलं सांगतात, खेकड्याने कावळा पकडला. आधी आलेलं नाम तेच करणारं, हा त्यांचा हिशोब. 'वॉज' किंवा 'वेअर'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप आणि त्याच्या पुढे 'बाय' दिसलं की 'बाय'ला गोल करायचा आणि करणारा तिथे शोधायचा.

वळणाचे शब्द. 'बट', 'हाउएव्हर', 'ऑलदो', 'अनलेस', 'अनटिल'. यांतला एक चुकला की पूर्ण परिच्छेद उलटा होतो. 'अनलेस'च्या पोटातच नकार आहे, तो मुलांना दिसत नाही आणि ती 'जर' म्हणून मोकळी होतात. हे शब्द भिंतीवर मराठी अर्थासह लावून ठेवा आणि उताऱ्यात दिसले की चौकट करायची.

जाता जाता: 'गिव्ह अप', 'पुट ऑफ' असे जोडशब्द बोटांच्या मोजणीत सापडत नाहीत. दोन्ही तुकडे ओळखीचे असतात म्हणून बोट दुमडलंच जात नाही. ते तुम्हालाच आधी हेरावे लागतील.

---

आंबेराई

हे सगळं ठीक आहे, पण मला पटत नाही. वाक्याला वाक्य मराठी अर्थ सांगूनच आपल्या पिढ्या शिकल्या. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो तो काय उगाच? बाण आणि रेघा काढत बसलं तर अभ्यासक्रम कधी संपायचा?

---

बंदरावरून

@आंबेराई, निकाल चांगला लागतो हे खरंच, अभिमान आहेच. पण धड्यावरच्या प्रश्नांची उत्तरं धडा ऐकून देता येतात. दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा असतो आणि त्यावर सारांशही लिहायचा असतो. तिथे अर्थ सांगायला कोणी नसतं.

मराठीवर बंदी घाला असं इथे कोणी म्हणत नाहीय. जागा ठरवा. वाचायच्या आधी मराठी, वाचून झाल्यावर मराठी, मध्ये फक्त छापलेलं इंग्रजी. सर पुढच्या मिनिटाला अर्थ सांगणारच आहेत हे माहीत असलेलं मूल डोळे पुस्तकात ठेवतं आणि कान सरांकडे. वाचणार कशाला?

वाचायच्या आधीची तीन-चार मिनिटं मात्र सोन्याची आहेत. उतारा समुद्री कासवांचा असेल तर आधी विचारा: वेळासला कासवं कधी येतात, अंडी कुठे घालतात, पिल्लं कोणत्या वेळी समुद्राकडे जातात? घरच्या बोलीत बोलू देत, मालवणीत बोलली तरी चालेल. मग 'नेस्ट', 'हॅच', 'शोअर', 'प्रोटेक्ट' एवढे चार शब्द फळ्यावर, शीर्षक आणि चित्र बघून एक अंदाज, आणि उताऱ्यात शोधायला एकच प्रश्न. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दही पेलतात. आपल्याकडच्या मुलाला बर्फावरच्या घसरगाडीचा धडा जड जातो त्यात इंग्रजीचा दोष निम्माच असतो.

तळकोकणातल्या एका जाणत्या शिक्षिकेचं वाक्य इथे टाकतो: 'पोरांका वाचूची गोडी लागाक व्हयी, मगे बाकीचा.'

मोठ्या मुलांसाठी, आठवी ते दहावी, हवामान खात्याची इंग्रजी पत्रकं वापरून बघा. भाषा ठरावीक, वाक्यं पुन्हा पुन्हा तीच, आणि विषय घरातला. 'फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर' हे कर्मणी वाक्य कोळीवाड्यातल्या मुलाला दुसऱ्यांदा समजावावं लागत नाही. यावर डोळे फिरवत नेमकी माहिती शोधण्याचा सराव घ्या: इशारा कोणत्या जिल्ह्यांना, कोणत्या तारखेपर्यंत, वाऱ्याचा वेग किती, पाऊस किती? पत्रक समोर ठेवून चार प्रश्नांना दोन मिनिटं. पूर्ण वाचायचं नाही, हेच शिकवायचंय. अंक, तारखा आणि मोठ्या अक्षरातली नावं यांवर डोळा अडकवायचा, बाकीचं सोडून द्यायचं. चांगल्या मुलांना हे सोडणं जमत नाही. त्यांना पहिल्या शब्दापासून वाचायची खोड असते, म्हणून वेळ लावा.

यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. 'हेवी', 'व्हेरी हेवी' हे तिथे नुसते विशेषण म्हणून येत नाहीत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे 'हेवी', ११५.६ ते २०४.४ 'व्हेरी हेवी', त्यावर 'एक्स्ट्रीमली हेवी'. 'आयसोलेटेड' म्हणजे एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. नेहमीचा शब्द विशिष्ट लिखाणात नेमका अर्थ धरतो, हे मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातही उपयोगी पडेल. जुनं पत्रक वापरत असाल तर त्याची तारीख फळ्यावर ठळक लिहा, नाहीतर संध्याकाळी गावात भलतीच बातमी पसरायची.

न पाहिलेल्या उताऱ्याला आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर वाद चालतो. कोण, कुठे, किती, रिकाम्या जागा अशा प्रश्नांना आधी प्रश्नच वाचावेत. सारांशाला मात्र आधी उतारा, तोही एकदा न थांबता. आधी प्रश्न वाचून तुकडे शोधत बसलेलं मूल सारांशात तेच तुकडे ओळीने चिकटवतं. सारांशासाठी प्रत्येक परिच्छेदाला समासात मराठीत तीन-चार शब्द लिहायचे, मग उतारा झाकून त्या शब्दांवरून इंग्रजीत लिहायचं. झाकला नाही तर उतरवून काढतात.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. उलटं वाचायला लावून बघितलं. खडाखड वाचणाऱ्यांतली पाच मुलं पाठ म्हणणारी निघाली.

तासाचं मात्र अजून जुळत नाही. दोन इयत्ता एकत्र, पाऊस, आणि वर्गात सोपी पुस्तकं जवळजवळ नाहीत.

---

सडा_आणि_जांभा

२३ मुलं म्हणजे चौघांचे पाच गट आणि तिघांचा एक. इयत्ता मिसळूनच बसवा. पॅलिंक्सर आणि ब्राउन यांची १९८४ ची एक पद्धत आहे, चार कामांची: पुढे काय येईल याचा अंदाज, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं, थोडक्यात सांगणं. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: 'अंदाज', 'प्रश्न', 'अडलं', 'सार'. एक परिच्छेद मनात वाचायचा, मग चौघांनी आपापलं काम करायचं, पुढच्या परिच्छेदाला चिठ्ठ्या डावीकडे सरकवायच्या. तिघांच्या गटात 'अंदाज' आणि 'सार' एकाकडे. बोलणं मराठीत, बोट मात्र इंग्रजी ओळीवर, कारण 'हे कुठल्या ओळीत आहे?' हा प्रश्न कोणीही कधीही विचारू शकतं.

बिघडतं कुठे? पहिले दोन आठवडे तुम्ही फळ्यापाशी चारही कामं मोठ्याने करून न दाखवता थेट गट पाडले तर नुसता गोंगाट होतो. 'प्रश्न'वाला फक्त शब्दाचा अर्थ विचारतो, म्हणून त्याला 'का' किंवा 'कसं'ने सुरू होणारा प्रश्नच विचारायची अट घाला. गटातलं एक हुशार पोर चौघांचं काम करून टाकतं. ते चिठ्ठी सरकवण्याने आवरतं, पण पूर्ण नाही. तुम्हाला फिरावं लागणारच.

३५ मिनिटं अशी: पाच मिनिटं मराठीत गप्पा आणि शब्द, सात-आठ मिनिटं मनात वाचन आणि रेघा-बाण, पंधरा मिनिटं गट, उरलेल्यात एक परिच्छेद सगळ्यांनी तुकड्यांनी थांबत मोठ्याने. मोठ्याने वाचन शेवटी, अर्थ कळल्यावर. आधी केलंत की परत उच्चारांची शर्यत. एका तासात पाऊण पान झालं तरी पुष्कळ. सगळे धडे असे होणार नाहीत, आठवड्यात दोन तास असे करा, बाकीचे तुमच्या नेहमीच्या पद्धतीने. @आंबेराई यांची अभ्यासक्रमाची काळजी रास्त आहे.

पत्र्यावर पाऊस कोसळतोय त्या दिवशी बोलायचं कामच ठेवू नका. मनात वाचन, आणि गटात बोलण्याऐवजी कागदाची घडी फिरवायची. प्रश्न लिहून पुढच्याला, त्याने उत्तराची ओळ क्रमांकाने लिहून परत. बऱ्याच लाजऱ्या मुलांना हेच जास्त जमतं.

---

बाराखडी

पुस्तकांचं सांगते. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे २०१५ पासूनचं मोफत व्यासपीठ आहे. गोष्टी चार पातळ्यांत आहेत: पहिली २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्याहून मोठी. परवाना मुक्त आहे, म्हणजे पीडीएफ उतरवून छापायला कोणाची परवानगी लागत नाही. तालुक्याला गेलात की नेट मिळेल तिथे एकदम वीस-पंचवीस उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत, पण एकाच आठवड्यात दोन्ही भाषांतली प्रत एकाच मुलाला देऊ नका, मराठीच वाचली जाते. आधी इंग्रजी, आठवड्याने मराठी, पडताळ्यासाठी.

तुमच्या मुलांना सुरुवात पहिल्या-दुसऱ्या पातळीवरच करावी लागेल, आणि सातवीतला मुलगा बाळबोध चित्रांचं पुस्तक हातात धरायला लाजतो. त्यांना कामच द्या: शुक्रवारी दुसरीच्या वर्गात जाऊन ही गोष्ट वाचून दाखवायची आहे. मग तेच पुस्तक चार-पाच वेळा तयारीसाठी वाचलं जातं, कोणी हसत नाही, आणि वाचनाचा वेग आपोआप सुधारतो. वेग मोजायचाच असेल तर एकच शंभर शब्दांचा तुकडा तीन दिवस एकेक मिनिट वाचायला लावा आणि मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच कालच्या आकड्याशी करा. शेजारच्याशी केलीत तर परत खडाखड सुरू.

रोज पंधरा मिनिटं मोकळं वाचन ठेवता आलं तर उत्तम. त्यावर प्रश्नोत्तरं, गृहपाठ, गुण काही नाही. आवडलं नाही तर चौथ्या पानावर पुस्तक बदलायची मुभा. गोष्टीचं नाव आणि तारीख एवढंच वहीत.

---

खाडीकाठ

शेवटचं एक. मोठ्या भावाच्या मोबाइलवर मुलं आता प्रत्येक शब्द शोधतात. होऊ द्यावं की थांबवावं?

---

भरती_ओहोटी

थांबवू नका, मोजून द्या. एका पानाला तीन शब्द, आणि तेही पान एकदा वाचून संपल्यावर. कोणते तीन, हे मुलाने ठरवायचं. ज्याच्यावाचून गोष्ट कळत नाही किंवा जो दोन-तीनदा आलाय तो घ्यायचा. चित्रातल्या फुलाचं नाव नाही कळलं तर काही अडत नाही. निवडायला लागलं की मुलं पान दुसऱ्यांदा नीट वाचतात, तेवढाही फायदा पुरे.

शोधण्याआधी तो शब्द वाक्यात नाम म्हणून आलाय की क्रियापद, ते वहीत लिहायला लावा. मोबाइल पहिला अर्थ वर दाखवतो आणि मुलं तोच उचलतात. 'द बँक ऑफ द क्रीक' हे शोधून तुमच्या खाडीकाठच्या मुलाने वहीत 'खाडीची बँक' लिहिलं, तर समजायचं की दुसरा अर्थ बघायला शिकवायचं राहिलंय. सापडलेला अर्थ वाक्यात परत बसवून मोठ्याने म्हणायचा, वेडगळ वाटला तर खाली सरकायचं.